थंडीचे टायर

डिसेंबर लागला की आमच्या वरच्या मजल्यावरचे तिजारे काका रोज सकाळी साडेसहाला खाली उतरतात आणि माझ्या गाडीच्या टायरला हात लावून पाहतात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा, उलटा हात. मग अंगठ्याने रबर दाबतात, वाकून दोन टिचक्या मारून आवाज ऐकतात, मफलरमध्ये खोचलेला थर्मामीटर काढून पाहतात आणि वहीत आकडा लिहितात. पार्किंगमध्ये अकरा गाड्या आहेत, पण हा मान माझ्याच गाडीला. माझे टायर ना नवे ना जुने, मध्यम स्वभावाचे आहेत आणि अशा कामाला तसेच लागतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं आहे. त्यांची स्वतःची गाडी नाही.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शाळेत जायच्या घाईत होते. वाटलं, हवा कमी झाली असेल. विचारलं तर काका म्हणाले, "हवा बरोबर आहे ताई. तुमच्या गाडीले थंडीचे टायर लागतीन का, ते पाहून राह्यलो."

मी गणिताची शिक्षिका आहे. सकाळी सकाळी, रिकाम्या पोटी, इतकं अवघड वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही (मलाही नव्हतं) त्यांच्यासाठी सांगते. बर्फाच्या देशात हिवाळा आला की लोक गाडीचे चारही टायर बदलतात. साधा रबर सात अंशांच्या खाली कडक होतो आणि बर्फावर घसरतो. थंडीचे टायर मऊ रबराचे असतात, ते रस्ता धरून ठेवतात. हे झालं तिकडचं. आमच्या नागपुरात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, स्टिअरिंग धरायला रुमाल लागतो आणि लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडतात. या गावात थंडीच्या टायरची चौकशी करणारा माणूस एकच सापडेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो.

"पण सकाळचं रीडिंग काय म्हणते?" असं काका विचारतात. आता जानेवारीत एखाद्या सकाळी इथेही पारा सात-आठपर्यंत उतरतो, हे खरं आहे. त्या दिवशी काका पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वही दाखवतात.

रीडिंग हा काकांचा आवडता शब्द. एका वीजकेंद्रात त्यांनी नोकरी केली, तीही शिफ्टची. दर तासाला काट्यांसमोर उभं राहायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण काटे सुटले, सवय सुटली नाही. त्यांच्या घरात चार थर्मामीटर आहेत. एक बाल्कनीत, एक स्वयंपाकघरात, एक फ्रीजमध्ये, आणि चौथा मफलरमध्ये फिरतीवर. कुणी म्हणालं की आज फार गारठा आहे, तर ते हो म्हणत नाहीत. आधी आकडा पाहतात आणि मगच त्यांना थंडी वाजते.

दोन दिवस गावाला जायचं असलं की ते वही माझ्या हातात देतात आणि सांगतात की चार्ज आता तुमच्याकडे. एकदा मला सकाळी उठायचा कंटाळा आला, म्हणून मी दोन दिवसांचे आकडे चहा पिता पिता मनानेच लिहिले. काकांनी परत आल्यावर वही पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, हे रीडिंग खुर्चीत बसून लिहिलेलं आहे. कशावरून, असं मी विचारलं. तर म्हणे, खरे आकडे इतके शिस्तीत नसतात, ते थोडे वेडेवाकडेच येतात. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडणारी मी, त्या दिवशी रंगेहाथ पकडली गेले.

सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय चालू असताना त्यांनी उभं राहून थंडीच्या टायरचा विषय काढला होता. सेक्रेटरी हसून म्हणाले की काका, आपल्याकडे मे महिन्यात टायर वितळायला येतात. काकांनी शांतपणे सांगितलं की मेचा प्रश्न मेच्या सभेत घ्यावा. त्यांच्या या सूचनेची इतिवृत्तात नोंद आहे. लिफ्ट अजून बंदच आहे.

आता खरी गोष्ट सांगते. टायरचा प्रश्न नागपूरचा नव्हताच. काकांची एकुलती एक मुलगी पल्लवी कॅनडात असते. तिने तिथे एक जुनी गाडी घेतली आहे आणि नोकरीसाठी रोज हायवेने जाते. तिथे वर्षातले चार-पाच महिने रस्त्यावर बर्फ. तिच्या गाडीला थंडीचे टायर घालायचे की आहेत तेच चालतील, हे काका इथून ठरवून राहिले होते. माझी गाडी त्यात नुसती नमुना होती. आणि ठरवता ठरवता तिसरा हिवाळा आला होता.

तीन हिवाळे, म्हणजे मंदाकाकू गेल्या तेव्हापासून. काकू होत्या तेव्हा पल्लवीशी फोनवर बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं. दर रविवारी सकाळी आठला फोन लागायचा, काकू तासभर बोलायच्या. कोणाचं लग्न जमलं, वांग्याची भाजी कशी झाली, इतवारीत साड्यांचे काय भाव आहेत. काका शेजारी पेपर घेऊन बसायचे. शेवटी पल्लवी विचारायची, बाबा आहेत का? काका म्हणायचे, "आहे न. बरी आहेस न? ठेव मग." त्या एका वाक्यासाठी ते तासभर बसलेले असायचे, हे काकूंना माहीत होतं आणि खालच्या मजल्यावर मलाही.

काकू धंतोलीच्या एका दवाखान्यात तीन आठवडे होत्या. पल्लवी आली, पंधरा दिवस राहिली, गेली. त्यानंतरच्या रविवारी मी काही द्यायला वर गेले होते. आठला फोन वाजला. काकांनी विचारलं, जेवली का. तिने विचारलं, तुम्ही जेवलात का. मग दोघं गप्प. फोन चालू, काका फोनकडे पाहत बसलेले. मला तिथे उभं राहवेना, वाटी ठेवून खाली आले. पुढे कधीतरी या टायरचं सुरू झालं.

मी मात्र आधी चिडले होते, हे कबूल करते. गणित शिकवणाऱ्या माणसाला उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय चैन पडत नाही. तिकडे पोर बर्फातून रोज गाडी हाकते आणि इकडे हे टिचक्या मारत बसलेत. मी एकदा स्पष्ट म्हटलं की काका, सांगा ना तिला, बदल म्हणून, लोक काय उगीच बदलतात का? काका म्हणाले, "रीडिंग घेतल्याबिगर कसं सांगू, ताई?"

रीडिंगसाठी ते मला घेऊन वर्धा रोडवरच्या एका टायरच्या दुकानात गेले. थंडीचे टायर दाखवा म्हणाले. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, "काका, इधर टायर गर्मी में फटता है, थंडी में नहीं." काकांनी ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, "मैं फटने का नहीं पूछ रहा. कडक होने का पूछ रहा हूँ." दुकानदाराने दोघांना चहा पाजला. एवढंच तिथून मिळालं.

मग आलं कळमन्याचं कोल्ड स्टोरेज. काकांचा एक पुतण्या तिथे कामाला आहे. मिरचीची पोती थंड ठेवायचं ते गोदाम आहे. काकांच्या डोक्यात आलं की नागपुरात कॅनडाइतकी थंडी जर कुठे असेल तर तिथे. आणि टायर कुठला, तर माझी स्टेपनी. मी नको म्हणणार होते, पण नेमके माझे यजमान तिथे होते आणि त्यांना असल्या गोष्टींचा फार उत्साह. दोघांनी डिक्की उघडून स्टेपनी काढली, रिक्षात घातली आणि नेली. ती मिरचीच्या पोत्यांमध्ये तीन दिवस होती. काका रोज बस बदलून कळमन्याला जायचे, स्वेटरवर स्वेटर घालून आत शिरायचे, अंगठ्याने टायर दाबायचे आणि आकडा लिहून परत यायचे. चौथ्या दिवशी स्टेपनी परत आली. काका खूश होते. रबर कडक झाला होता, अगदी वाजत होता. मी म्हटलं, देवा, सुटलो.

त्याच रविवारी आम्हाला काटोलला लग्नाला जायचं होतं. मी, यजमान आणि माझ्या दोन नणंदा. गाडीच्या काचा बंद, बाहेर थंडी म्हणून हीटर चालू. वाडी ओलांडली आणि पहिली शिंक आली. कोंढाळीपर्यंत चौघंही शिंकत होतो, डोळ्यांतून धारा, कुणी कुणाशी बोलू शकत नव्हतं. स्टेपनीने तीन दिवसांत जी मिरची पोटात घेतली होती, ती ऊब लागताच सोडत होती. मांडवात पोचलो तेव्हा लाल डोळे आणि हातात रुमाल. नवरीच्या आईने आम्हाला पाहिलं आणि तिला वाटलं, पाठवणीच्या विचाराने यांना आत्ताच भरून आलं. तिने माझ्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. अक्षता पडायच्या आधी त्या लग्नात सगळ्या बायका रडून घेत होत्या आणि सुरुवात कुणी केली हे कुणालाच कळत नव्हतं.

घरी आल्यावर मी तशीच वर गेले. म्हटलं, काका, झालं ना आता? रबर कडक होतो. आता पल्लवीला सांगून टाका. काका वही चाळत होते. म्हणाले, कळमन्याची थंडी कोरडी आहे. तिकडे बर्फ, म्हणजे ओलावा. ओल्या थंडीत काय होते, त्याचं रीडिंग आपल्याजवळ नाही.

मला राग आला, मनापासून आला. पल्लवीचा नंबर माझ्याकडे काकूंच्या आजारपणापासून होता. मी जिन्यातच उभी राहून तिला निरोप बोलून पाठवला की बाई, ते टायर एकदाचे बदल, बाबांची वाट पाहू नकोस, काही झालं म्हणजे काय करशील, आणि आमचाही जीव मिरचीने चालला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मिरचीची गोष्ट ऐकून ती खूप हसली. मग हसता हसता थांबली.

"काकू, टायर तर मी पहिल्याच वर्षी बदलले," ती म्हणाली. "इथे त्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही."

मी विचारलं की मग बाबांना का नाही सांगितलं?

"आई गेल्यावर बाबा फोनवर गप्प बसायचे. मला पण काही सुचत नव्हतं. एकदा सहज विचारलं की बाबा, इथे लोक थंडीचे टायर घालतात, घालू का मी? त्या दिवशी बाबा पाऊण तास बोलले, काकू. माझ्याशी. पाऊण तास. पुढच्याच आठवड्यात मी टायर घालून आणले. पण सांगू कसं? सांगितलं की झालंच ना. तुम्ही पण नका सांगू."

मी हो म्हटलं. फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. दूध उतू गेलं ते नंतर पाहिलं.

गुपित पोटात ठेवणं हा माझा प्रांत नाही. तरी मी दोन आठवडे ठेवलं. काका सकाळी यायचे, टायरला हात लावायचे, मी खिडकीतून पाहायचे. वाटायचं, या माणसाला तिकडून फसवलं जातंय, प्रेमानेच, पण फसवलं जातंय. तो बिचारा बसा बदलून कळमन्याला गेला, थंडीत कुडकुडला, आणि प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात सुटलेला होता.

मागच्या रविवारी सकाळी साडेसातला काका खाली आले, ते नवीन बेत घेऊन. बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या आणायच्या, पार्किंगमध्ये अंथरायच्या आणि माझ्या गाडीची पुढची दोन चाकं त्यावर चढवायची. म्हणजे ओल्या थंडीचं रीडिंग मिळेल. बोलताना त्यांच्या नाकाला सर्दीने पाणी आलं होतं, हात गारठून लाल झाले होते. मला ते पाहवेना.

"काका, आता बस करा," मी म्हटलं. "कशाला एवढा त्रास करून घेऊन राहिले? तिकडे सगळं ठीक आहे, पल्लवीनं..." आणि मी जीभ चावली.

काका गाडीला टेकून उभे राहिले.

"तिनं तुम्हाले सांगितलं वाटते," ते म्हणाले.

माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. काकांनी हात पुसून मोबाइल काढला, बराच वेळ शोधून एक फोटो उघडला आणि माझ्यापुढे धरला. पल्लवी बर्फात गाडीजवळ उभी होती, टोपी घातलेली, हसत होती. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पल्लवी बाजूला सरकली, पुढचं चाक आलं. टायरच्या अंगावर एक बारीक खूण होती, तीन शेंड्यांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी.

"ही खूण फक्त थंडीच्या टायरवर असते," काका म्हणाले. "मागच्या हिवाळ्यात पाठवला होता तिनं हा फोटो. त्याच दिवशी पाह्यली मी."

"मग हे सगळं काहून करून राहिले तुम्ही? ते कळमना, ती मिरची?"

काकांनी फोटो पुन्हा लहान केला, पल्लवी मधोमध येईपर्यंत.

"जिंदगीभर शिफ्ट केली, ताई. मी घरी येवो तं पोरगी झोपलेली, नाही तं शाळेत गेलेली. तिच्याशी बोलणं मंदाचं काम होतं. मंदा गेली, आन् मले समजलं का मले आपल्या पोरीशी बोलताच येत नाही. जेवली का, एवढंच येते. हे एक आलं. टायरचं. मी आठ दिवस वाचतो, आकडे जमा करतो, तवा रविवारी बोलाले काही राह्यते. ठरून गेलं तं मंग काय बोलू?"

मी उगीच विचारलं की मार्चनंतर काय करता, तिकडचा बर्फ वितळला म्हणजे?

"ते टायर काढाचे केव्हा, हाही प्रश्न असते न," काका अगदी गंभीरपणे म्हणाले. "लवकर काढले तं बर्फ पडते. उशिरा काढले तं मऊ रबर झिजते. एप्रिल पुरा जाते त्याच्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले माहीत आहे हे तिले नका सांगू. तिले वाईट वाटन."

मी हो म्हटलं. एकाच महिन्यात, एकाच गुपिताबद्दल, दोघांना दोन शब्द देऊन बसले. आठ वाजायला आले होते. काका घाईघाईने जिना चढून गेले, लिफ्ट बंदच आहे.

मी तिथेच उभी राहिले. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचा फोन येतो, कशी आहेस, बरी आहे, काही लागतं का, नाही, ठेवतो. दोन मिनिटंही होत नाहीत, आणि तो चांगला मुलगा आहे. इतकी वर्षं मी काकांना हसले. त्या सकाळी मला त्यांचा हेवा वाटला.

वरून आवाज आला. काका परदेशाच्या फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं.

"हो वं बेटा, पाहून राह्यलो मी," ते म्हणत होते. "तू घाई नको करू. आपलं अजून काही ठरलं नाही."